तेलगिरणीतला दवाखाना

४ जानेवारी

भाऊजी,

पत्राच्या सुरुवातीला खुशाली विचारायची असते. मी विचारणार नाही. तुम्ही खुशाल आहात हे फोटोवरून दिसतंच आहे. पहिल्याच पानावर, अर्धं पान भरून.

दवाखान्याला चाळीस वर्षं झाली म्हणून तुम्ही काढलेली पुस्तिका काल पोस्टाने आली. तुमचे दादा गेल्यापासून तुमच्याकडून या घरात आलेली ही पहिली वस्तू. वर नाव, 'दोन भावांचं स्वप्न'. मला वाटलं एखाद्या मिठाईच्या दुकानाची जाहिरात चुकून आली. मग आत आपल्या गिरणीचा फोटो दिसला.

चष्मा पुसून परत वाचलं. "संस्थापक बंधूंनी रुग्णसेवेचं स्वप्न पाहिलं आणि गावाने त्यांना साथ दिली." कुठलं स्वप्न, भाऊजी? ते साल आठवा. तुम्ही मेडिकलच्या शेवटच्या वर्षाला होतात. तुम्हाला स्वप्न पडत असेल तर ते नापास होण्याचं पडत असेल. आणि तुमच्या दादांना चौकातल्या त्या एका खोलीच्या क्लिनिकमध्ये झोपायलाच मिळत नव्हतं, स्वप्न कुठून पडणार?

पुस्तिकेत सगळं आहे. दिवंगत दादा आहेत, दूरदृष्टी आहे, तुमची पदकं आहेत. बस मात्र नाही. एका ओळीतसुद्धा नाही. म्हणून मी लिहिते. तुम्ही तिथे नव्हतात. मी होते.

मी तेव्हा शहरातल्या सरकारी इस्पितळात नवी नर्स होते, सकाळच्या बसने ड्युटीवर जायचे. त्या दिवशी मागच्या लांब सीटवर टेलरची बायको आडवी होती. पहिलटकरीण. घरी सुईणीने हात टेकले म्हणून तिला बसमध्ये घातलेली. टेलर तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता आणि प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरऐवजी तिची माफी मागत होता. अर्ध्या वाटेवर मूल झालं. मुलगी. जोरात रडली आणि अख्खी बस हसली. एका म्हाताऱ्याने टाळ्या वाजवल्या. मी नाळ बांधली ती कुणाच्या तरी बुटाच्या नाडीने.

मग रक्त थांबेना. माझ्याकडे होतं काय? दोन हात आणि टेलरच्या खांद्यावरचा टॉवेल. शिकवलेलं सगळं केलं. पोट दाबून धरलं, मूठ करून दाबलं, देवाला शिव्या दिल्या. ती म्हणाली, "सिस्टर, थंडी वाजते." त्यानंतर बोलली नाही.

ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्याने पुढच्या फाट्यावर बस परत गावाकडे वळवली. गावात आणून चौकाच्या मधोमध उभी केली, किल्ली खिशात टाकली आणि खाली उतरून पुढच्या चाकाला टेकून बसला. मागे गाड्या तुंबल्या, हॉर्न सुरू झाले. हवालदार आला, म्हणाला, "बस हलव." ड्रायव्हर म्हणाला, "ज्याला घाई आहे त्याने चालत जावं. आतल्या बाईलाही घाई होती."

बस दिवसभर हलली नाही. अख्खा गाव चौकात जमला. तुमचे दादा बसमध्ये चढले, उतरले, नळावर हात धूत उभे राहिले. बोलले ते शाळेचे हेडमास्तर. बसच्या पायरीवर उभे राहून म्हणाले, "आज रडून घरी गेलो तर पुढच्या वेळी याच बसमध्ये कुणाची लेक असेल ते सांगा." मग बंद पडलेल्या तेलगिरणीची मालकीण, ती विधवा काकू, गर्दीतून पुढे आली. तिला मऊ बोलणं माहीतच नव्हतं. म्हणाली, "गिरणीत उंदीर राहतात. त्यापेक्षा माणसं राहू देत. उद्या येऊन झाडून घ्या."

हा आपला पाया. यात स्वप्न बघणारे दोन भाऊ कुठे आहेत? एक नळावर हात धूत होता, दुसरा परीक्षेला बसला होता.

आणि मग मी शेवटचं पान वाचलं. "संस्थापक कुटुंबाच्या इच्छेनुसार रुग्णालय एका नामवंत वैद्यकीय कंपनीकडे सोपवण्याचा प्रस्ताव फेब्रुवारीच्या सभेत मांडण्यात येईल." तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. गावाने उभारलेलं असेल तर द्यायचं की नाही ते गाव ठरवणार. पण दोन भावांचं स्वप्न असेल तर एक भाऊ ते देऊन टाकू शकतो. दुसरा बोलायला उरलेलाच नाही. गावाने सभेला यायचं आणि आभार मानून मान हलवायची.

कुटुंबाची इच्छा म्हणता. त्या कुटुंबात मी येते की नाही, एवढं कळवा.

अजून तरी तुमचीच,
वहिनी


२१ जानेवारी

भाऊजी,

उत्तर आलं. तुमच्या हातचं अक्षर खूप दिवसांनी पाहिलं. अजून तसंच, केमिस्टलाच कळेल असं.

"वहिनी, इतिहास भावनेने लिहायचा नसतो. तुमच्या हट्टापायी दादा गेला, आता तुमच्या हट्टापायी दवाखाना घालवू नका."

पहिल्या वाक्याचं उत्तर देते. दुसऱ्याचं देणार नाही. आज तर नाहीच.

भावना बाजूला ठेवते आणि तुम्हाला आवडतं तसं लिहिते. गिरणी कुणी झाडली? ज्यांच्याकडे झाडू होता त्या सगळ्यांनी. गवंड्याने भिंती उभारल्या, त्याच्या हाताखाली वकील विटा वाहत होता आणि शिव्या खात होता. नियम हेडमास्तरांनी सांगितला आणि सगळ्यांनी मानला. ज्या घराने एक दिवस काम केलं ते घर सभासद, आणि सभासदाला एक मत. कुणाला दोन नाहीत, डॉक्टरलाही नाहीत. टेलर बायको गेल्यावर कुणाशी बोलत नव्हता, पण दवाखान्याची प्रत्येक चादर, प्रत्येक गाऊन त्याने शिवला, लेकीला मशीनशेजारच्या टोपलीत ठेवून. ती पोर बसमध्ये झाली म्हणून गावाने तिचं नाव पाडलं बसराणी. आज चाळीशीची आहे, बापाचं दुकान चालवते, आणि अजून तेच नाव.

ड्रायव्हरला नोकरीवरून काढलं. मग बेकरीवाल्याने आपली जुनी पावाची गाडी दिली, तिच्यावर लाल रंगाने अधिक चिन्ह काढलं आणि ड्रायव्हरदादा तिच्यावर बसले. कितीतरी वर्षं आपले पेशंट यायचे ते पावाचा वास घेऊन, आणि बरे होऊन जायचे ते तेलाचा वास घेऊन. भिंतींत मुरलेला होता तो. तुम्हीच म्हणायचात, "वहिनी, इथे जखम शिवायची का तळायची?"

हो, तुम्ही आलात. तिसऱ्या वर्षी आलात, आणि तुमचे हात सोन्याचे होते. हे मी नाकारणार नाही. तुमच्यामुळे इथे ऑपरेशनं सुरू झाली, माणसं वाचली, आणि ज्या खोलीत पूर्वी शेंगदाण्याची पोती रचत तिथे तुम्ही थिएटर उभं केलंत. लिहा की ते! ते खरं आहे. त्याच्यासाठी खोटं कशाला लागतं?

आणि मग गेलात. पुस्तिकेत आहे, "उच्च शिक्षण आणि कार्याच्या विस्तारासाठी". तुमच्याबरोबर आपली एकुलती एक भूलतज्ज्ञ गेली. तुम्ही लग्न केलंत, आनंद आहे, जाऊ म्हणून मला ती पहिल्यापासून आवडते. पण थिएटरला वर्षभर कुलूप होतं. तुमचे दादा अपेंडिक्सचा पेशंट पावाच्या गाडीत घालून शहरात पाठवायचे आणि गाडी परत येईपर्यंत जेवायचे नाहीत. लोक विचारायचे, धाकटे डॉक्टर कुठे गेले? हे म्हणायचे, "त्याला पुढे शिकायचंय." एकदाही वेडंवाकडं बोलले नाहीत. मी बोलत होते, पण स्वयंपाकघरात.

तुम्ही गेलात याचा राग नाही, खरंच नाही. माणसं जातात, गावं काय कुणाला बांधून ठेवत नाहीत. पण जायचं, आणि मग शहरातून फोटो पाठवून म्हणायचं की हे माझं होतं, म्हणून मीच ते देतो? याला इतिहास नाही म्हणत. याला दुसरा शब्द आहे, तो तुमच्या दादांच्या माघारी मी तुमच्यासाठी वापरणार नाही.

ह्यांच्या मागे गावाने तुम्हाला अध्यक्ष केलं ते घरचा माणूस म्हणून. घरच्या माणसाने घर विकायला काढावं म्हणून नाही. मी सध्या घरोघर जाते आहे आणि सगळ्यांना बसची गोष्ट सांगते आहे. तरुण पोरांना तर ती माहीतच नव्हती. पाय दुखतात, पण जीभ छान चालते. सभेत भेटू.

वहिनी


३ फेब्रुवारी

भाऊजी,

आजचं पत्र जेवणावरून उठून लिहिते आहे.

दुपारी जेवायच्या टेबलावर मी नेहमीप्रमाणे तुमचा उद्धार करत होते. तुमचा पुतण्या समोर बसला होता. सकाळपासून दवाखान्यात उभा राहून आलेला. डोळे लाल, दाढी वाढलेली. ऐकत होता, ऐकत होता, आणि त्याने चमचा खाली ठेवला.

"आई, कंपनी काकांनी शोधली नाही. मी त्यांना शोधायला सांगितलं."

मला वाटलं ऐकण्यात काही चूक झाली. मी म्हटलं, "परत बोल."

"मी सांगितलं. मी एकटा पडलोय. लेडी डॉक्टर सोडून गेल्या त्याला वर्ष झालं. भूल द्यायला कुणी नाही. बाळंतपण मी करतो, आणि अडलं तर पाठवतो शहरात. तुला आठवते ती गवंड्याची सून, थंडी सुरू झाली तेव्हाची? तिचं मूल गाडीत गेलं."

"तू मला मूल दगावलं म्हणालास. गाडीत म्हणाला नाहीस."

"कसं म्हणू? तू गावभर बसची गोष्ट सांगत फिरतेस. आई, ती बस अजून चालूच आहे. फक्त तिच्यावर आपलं नाव लिहिलंय."

मी ताट उचललं आणि धुवायला गेले. तो मागून आला, म्हणाला, "तू भिंतींसाठी भांडतेस." मी म्हटलं, "मी भिंतींसाठी नाही भांडत," आणि पुढे काय बोलायचं ते मला सुचलं नाही. मला, भाऊजी! मला सुचलं नाही!

आता तुमच्याकडे वळते. हे तुम्ही मला का कळवलं नाहीत? दोन पत्रांत मी तुम्हाला सोलून काढलं आणि तुम्ही पुतण्याचं नाव घेतलं नाहीत. त्याला वाचवलंत, माझ्यापासून. हा तुमचा चांगुलपणा असेल तर तो मला नको. माणसाला चांगुलपणाचाही राग येतो हे मला आज कळलं. काका-पुतण्या मिळून ठरवता, आणि मी तेवढी वेडी, घरोघर पाय झिजवते.

तो म्हणतो, तुम्ही त्याला फोनवर शब्द दिलात. सगळे विभाग राहतील, लेडी डॉक्टर येईल, भूलतज्ज्ञ येईल. हे खरं असेल तर पुस्तिकेतलं खोटं मी गिळते. तुमचा अर्ध्या पानाचा फोटो दवाखान्याच्या दारावर मी स्वतः लावते. सभेत मी तोंड उघडणार नाही, असा शब्द मी त्याला दिला आहे.

शब्द पाळायची सवय या घरात आहे. तुम्हीही इथेच वाढलात.

वहिनी


१७ फेब्रुवारी

भाऊजी,

तुम्ही सभेतून मध्येच गेलात, त्यामुळे पुढचं सांगायला मीच उरले.

आधी तुम्ही होतात तेवढ्याबद्दल. गिरणीच्या शेडच्या भिंतीवर तुमच्या व्हिडिओ कॉलसाठी पडदा लावला होता आणि तुमचं तोंड दाराएवढं दिसत होतं. तुम्ही दादांबद्दल बोललात तेव्हा दोन बायकांनी डोळे पुसले. ड्रायव्हरदादांना आता ऐकू येत नाही, ते दर वाक्याला शेजाऱ्याला विचारत होते, "काय म्हणतोय?" आणि शेजारी म्हणत होता, "चांगलं म्हणतोय." मी पहिल्या रांगेत तोंडाला कुलूप लावून बसले होते. कंपनीचा तो तरुण साहेब, इस्त्रीचा सूट, गोड आवाज, त्याने रंगीत चित्रं दाखवली. काचेचं दार होतं, हसणारा म्हातारा होता, हसणारी नर्स होती.

मग बसराणी उभी राहिली. ती कोण आहे हे आता लहान पोरालाही माहीत आहे. मला वाटलं, आता ही माझ्या वतीने बोलणार.

"मी या प्रस्तावाच्या बाजूने हात वर करणार आहे," ती म्हणाली. "महिनाभर सिस्टर माझ्या आईची गोष्ट घरोघर सांगतायत. माझ्या आईला गोष्ट नको होती, डॉक्टर पाहिजे होता. गवंड्याच्या सुनेलाही डॉक्टरच पाहिजे होता. इथे कुणाचं नाव लागतं, दोन भावांचं का गावाचं, मला फरक पडत नाही. दिवा लागलेला पाहिजे आणि आत माणूस पाहिजे."

कुणी कानशिलात मारली असती तरी इतकं लागलं नसतं. माझ्या हातात जन्मलेली पोर ही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती बोलली ते बरोबर होतं. लोक माना डोलवायला लागले. तुम्ही भिंतीवर हसलात. मी बघितलं.

ती बसायला लागली, आणि बसता बसता, सहज, दुकानात गिऱ्हाइकाला विचारावं तसं तिने साहेबाला विचारलं, "बाळंतपणं कधीपासून सुरू करणार?"

साहेबाने कागद चाळले. "पहिल्या टप्प्यात आपण गुडघे आणि हृदय यांवर भर देतो आहोत."

"बरं. दुसऱ्या टप्प्यात?"

"त्याचा विचार मागणी बघून होईल."

"मागणी?" बसराणी परत उभी राहिली. "साहेब, बायका मागणी करत नाहीत. बायका बाळंत होतात."

शेडमध्ये जो गलका झाला तो तुम्ही ऐकलात, कारण त्या वेळेपर्यंत तुम्ही होतात. साहेबाचा आवाज दबला, पण तो खोटं बोलला नाही, एवढं त्याला मानते. म्हणाला, सध्याचा बाळंतपणाचा आणि जनरल वॉर्ड बंद होईल, हे अध्यक्षांना पहिल्यापासून माहीत आहे.

तेव्हा तुमचा पुतण्या उठला. त्याने माईक घेतला नाही. भिंतीकडे बघून म्हणाला, "काका, तुम्ही मला शब्द दिला होता."

एवढंच. आरडाओरडा नाही, काही नाही. अख्ख्या शेडने मान वळवून तुमच्याकडे पाहिलं. आणि मग तुमचं बोट आलं. लाइन गेली, असं तुम्ही नंतर ऑफिसला कळवलंत. लाइन गेली नव्हती, भाऊजी. तुमचं बोट पडद्यावर जवळ जवळ येत गेलं, खांबाएवढं झालं, नखसुद्धा दिसलं, आणि अंधार. चारशे माणसांनी बघितलं. ड्रायव्हरदादांनी विचारलं, "काय म्हणाला?" या वेळी शेजाऱ्याने अंधाऱ्या पडद्याकडे बोट दाखवलं.

त्यानंतर हात मोजायची गरज पडली नाही. बाजूने हात वरच गेले नाहीत, बसराणीचाही नाही. साहेब बिचारा एकटा उभा होता, त्याला कुणीतरी पाणी दिलं.

लोक टाळ्या वाजवायला लागले तसा तुमचा पुतण्या ओरडला. मी त्याला असं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. "टाळ्या कसल्या वाजवता? उद्या सकाळी डॉक्टर मी एकटाच आहे! अभिमानाने रक्त थांबत नाही. सर्दी-पडशाला मला जेवणावरून उठवता. दोन बायका-डॉक्टर बघायला आल्या, तर राहायला खोली कुणी दिली नाही, म्हणे एकटी बाई नको. तुमच्याच बायकांसाठी आलेली बाई तुम्हाला नको? लेडी डॉक्टर टिकली नाही ती कंपनीमुळे? तुमच्यामुळे टिकली नाही!"

कुणी मान वर करेना. माझीही खाली होती. महिनाभर मी लोकांना चाळीस वर्षांपूर्वीचं सांगितलं, आणि माझ्याच घरात माझा मुलगा वाळून चालला होता ते मला दिसलं नाही. पण हे मी तुमच्यापुढे कबुली म्हणून लिहीत नाही. तुमच्यावरचा राग त्याने तसूभर कमी होत नाही.

हेडमास्तरांची मुलगी म्हणाली, वडिलांच्या घराचा वरचा मजला रिकामा आहे, वेगळा जिना आहे, उद्यापासून घ्या. बसराणी म्हणाली, "बोलून झालं असेल तर शहरातल्या मेडिकल कॉलेजला माझ्याबरोबर कोण येतं?" मी म्हटलं, "मी येते." ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "बघतेस काय, बसचं तिकीट तू काढ."

वहिनी


९ मार्च

भाऊजी,

तुमचा राजीनामा पोचला आणि सोबतची चिठ्ठीही. "निदान दवाखान्याला दादाचं नाव द्या. तेवढं तरी त्याच्या वहिनीने अडवू नये." घाईत काय लिहिलंत ते वाचून बघा. त्याची मी बायको होते, वहिनी तुमची.

तुमची मागणी काल समितीपुढे ठेवली. सगळे तयार होते. विरोधात एकच हात वर गेला, माझा. मग बाकीच्यांनी तो विषय मिटवला. ह्यांचं नाव घ्यायला मी आहे, तेवढं पुरे. दारावर लावलं की परत कुणीतरी म्हणेल, हे अमक्याचं होतं. मग त्याचा कुणी पुतण्या, कुणी नातू येईल, आणि म्हणेल मी देऊन टाकतो.

आता जानेवारीतल्या तुमच्या दुसऱ्या वाक्याचं उत्तर. माझ्या हट्टापायी दादा गेला.

तुम्ही शहरातून गाडी पाठवली होती. ऑपरेशन तुम्ही स्वतः करणार होतात. मी दारात उभी राहून ती गाडी परत पाठवली. तुम्ही फोनवर माझ्याशी बोललात ते शब्द मला पाठ आहेत. त्यानंतर तुम्ही या घरात पाऊल ठेवलं नाही, माती द्यायला आलात तेही गर्दीत मागे उभे राहिलात.

गाडी नको असं ते म्हणाले होते, भाऊजी. मी नाही. आदल्या दिवशी मी त्यांची बॅगसुद्धा भरली होती. ते म्हणाले, "ती रिकामी कर." मी भांडले, पाया पडले. म्हणाले, "इतकी वर्षं लोकांना सांगितलं, इथे होईल तेवढं करू, आपल्या माणसांत करू. माझी पाळी आल्यावर गाडी मागवू?" मी म्हटलं, मग स्वतः सांगा भावाला. तर म्हणाले, "नको. मी नाही म्हटलं तर तो आयुष्यभर समजेल की दादाचा माझ्या हातांवर विश्वास नव्हता. तू सांग, तूच पाठवत नाहीस म्हणून. तुझ्यावर रागावेल, जाईल राग."

राग गेला नाही. त्यांचा अंदाज चुकला.

तिकडे नेलं असतं तर वाचले असते का? मला माहीत नाही. हे वाक्य मी कधी कुणापुढे म्हटलेलं नाही, मुलापुढेही नाही. आणि तुम्हाला खरं सांगू? मला त्यांचाही राग येतो. स्वतः तत्त्वाचे राहिले, भावाला जपलं, आणि वाईटपणा माझ्या पदरात टाकून गेले. तुम्ही दोघे भाऊ खरे एकसारखे. जपायचं म्हटलं की खोटं बोलायचं, आणि ते निस्तरायला मी.

आज का लिहिलं? तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही. मला आता ते ओझं उचलवत नाही, आणि दुसरी कामं पुष्कळ आहेत.

बातम्या अशा. आम्हाला एक लेडी डॉक्टर मिळाली. नुकती शिकून निघालेली, फार हसत नाही, मला आवडली. तिने विचारलं, "सुट्टी मिळते का?" बसराणी म्हणाली, "आमचं शिवणयंत्रसुद्धा आठवड्यातून एक दिवस बंद असतं." एक वर्षासाठी आली आहे, पुढचं पुढे. मी सकाळी वॉर्डात जाते, नव्या नर्सेसना शिकवते, त्या माझ्या माघारी माझी नक्कल करतात. तुमचा पुतण्या परवा दुपारी घरी झोपला, आणि दारावर आलेल्या दोघांना मी सर्दीला काढा सांगून हाकलून दिलं.

भूलतज्ज्ञ नाही. सर्जनही नाही. तेव्हा पाहुणे म्हणून, सत्कार घ्यायला, माझ्याशी भांडायला किंवा माफी मागायला येणार असाल तर येऊ नका, मला वेळ नाही. पण हात अजून स्थिर असतील, तर ऑपरेशनचा वार मंगळवार आहे. या मंगळवारी दोन हर्निया आहेत आणि एका लहान मुलीचा हात आहे, तो नीट बसवायला हवा. जाऊबाईंना बरोबर आणा, भूल त्याच देतील. सकाळी आठला या. उशीर केलात तर दारातच बोलेन, सगळ्यांसमोर.

वहिनी